ग्रहणाच्या दिवशीचा गेरू

आमच्या घरात कुणाचा अंदाज चुकला की त्याला "सोनाआत्याचा हात" म्हणतात. एसटी येणार म्हणून फाट्यावर उभं राहावं आणि ती आधीच निघून गेलेली असावी, सोनाआत्याचा हात. आभाळ बघून वाळवण गोळा करावं आणि दिवसभर लख्ख ऊन पडावं, सोनाआत्याचा हात. माझ्या मुलांनी हे त्यांच्या चुलत्याकडून उचललं आणि नातवंडांनी मुलांकडून. त्यातल्या बहुतेकांना हा हात कशात चुकला होता हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तो चुकलाच नव्हता. चूक माझ्या हातानं झाली, आणि ती आत्याच्या नावावर जमा झाली. हे एकदा सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवायचं, असं कितीतरी वेळा ठरवलं. पण लिहायला बसलो की अडचण होते. त्या दिवसाची आठवण आली की मला आधी आनंदच होतो. अजूनही छाती धडधडते. शरम मागाहून येते. साठी ओलांडलेल्या माणसानं खरं सांगायचं ठरवलं तर हेही सांगितलं पाहिजे.

आमची वस्ती चौसाळ्याच्या बाहेर, माळाला लागून होती. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं मेंढरांचा वाडगा आणि वाडग्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आमच्या घरात पहाट कोंबड्यानं होत नसे, मेंढरांच्या खोकण्यानं होई. एक मेंढरू खोकलं की दुसरं, मग तिसरं, मग कोकरांचं ओरडणं, आणि या सगळ्यात सोनाआत्याच्या जात्याची घरघर. आई मला आठवत नाही. मी रांगत होतो तेव्हाच ती गेली. आत्या म्हणजे आमच्या आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनेक वर्षांत तिचा नवरा वारला, आणि सासरच्यांनी दिलेल्या थोड्या मेंढ्या हाकत ती माहेरी परत आली. माझी न्हाणी, दुखणी, शाळेचं दप्तर, सगळं तिनंच केलं. थंडीत ती मला ताटलीत हुलग्याचं माडगं ओतून द्यायची आणि मी फुंकर घालून पिईपर्यंत समोर बसून राहायची. त्या माडग्याचा लसूण-जिऱ्याचा वास नाकात आला की मला आजही कुणीतरी समोर बसलंय असं वाटतं.

आमच्या घरात बायांना विचारून काही करायची रीत नव्हती. आबा तर थोरल्या मुलालासुद्धा, म्हणजे आमच्या आण्णालासुद्धा, विचारत नसत. पण कुठली मेंढी ठेवायची आणि कुठली विकायची, हे मात्र सोनाआत्या ठरवायची. कारण तिच्या हाताला कळायचं. मेंढी दोन महिन्यांची गाभण असताना वरून काही दिसत नाही. कास भरलेली नसते, पोट सुटलेलं नसतं. आत्या मेंढीला दोन्ही गुडघ्यांत धरायची, डावा हात तिच्या जबड्याखाली, आणि उजवा तळवा पोटाखालून कासेच्या पुढं सरकवत नेऊन अलगद वर उचलायची. डोळे मिटलेले. दूरवरचं काहीतरी ऐकत असल्यासारखी मान कललेली. मग डोळे उघडून एवढंच म्हणायची, "हाय." नाहीतर, "न्हाई." आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक तिला बोलावून न्यायचे. आबा एरवी तिच्याशी चार शब्द बोलत नसत, पण परक्या माणसापुढं हटकून सांगायचे, "आमच्या सोनीचा हात म्हंजे परमान हाय."

ग्रहणाची बातमी आमच्याकडं हमरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलातल्या रेडिओनं आणली. माझा दोस्त रशीद तिथंच शेजारी राहायचा. त्याच्या वडिलांचं, करीमचाचांचं, रस्त्याकडेला वेल्डिंगचं गॅरेज होतं. ट्रकचे पाटे, नांगराचे फाळ, बैलगाडीचे आख, काय मोडेल ते तिथं जुळायचं. मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो. रेडिओ सांगायचा, उघड्या डोळ्यांनी बघू नका. शाळेत मास्तरही तेच सांगायचे. बाकी गाव मात्र म्हणत होतं, बघूच नका. त्या दिवशी जमीन हादरणार, असं कुणी म्हणे. दुसरा कुणी सांगे, विहिरींचं पाणी कडू होणार. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं, एवढं मोठं गिराण लागलं की सूर्य सुटेलच असा भरवसा नाही. हे ऐकून गावाची झोप उडाली असेल. मला आणि रशीदला मात्र दिवस जाता जाईना. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे होतो आणि आमच्या आयुष्यात तोवर काहीही घडलेलं नव्हतं.

"काच घेऊन यीन मी," रशीद म्हणाला.

"कंची काच?"

"अब्बांची. वेल्डिंगची. तिच्यातनं ठिणगी बघता येती तर सूरज कावून न्हाई?"

"चाचा सालटं सोलतील तुजं."

"अब्बा मशिदीत आसतील बे. गिराणाची नमाज आसती. तासभर तरी येत न्हाईत."

"आन तू? तुला न्हाई का नमाज?"

"मी तुज्याबरूबर आसमानात बघून पढतो की," असं म्हणून तो हसत सुटला.

आमच्या घरी वेगळीच घाई चालली होती. आण्णाची बायको, म्हणजे माझी वहिनी, पोटुशी होती. पहिलंच बाळंतपण. ग्रहणात तिनं काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, बोटं मोडायची नाहीत, अंगावर उन्हाची तिरीपसुद्धा पडू द्यायची नाही, असं सगळ्यांनी मिळून तिला इतकं बजावलं होतं की बिचारी श्वासही विचारून घेत होती. आबांनी ठरवून टाकलं होतं, ग्रहण सुटेपर्यंत सोनीनं तिच्याजवळ बसायचं आणि दार आतून लावून घ्यायचं. गाभण जनावरांनाही तोच नेम. आमच्याकडं ग्रहण लागायच्या आत गाभण मेंढीच्या पोटावर गेरूचा पट्टा ओढतात, म्हणजे पोटातल्या जिवाला बाधा होत नाही. पण गेरू लोकरीत मुरला की पंधरा-वीस दिवस जात नाही. म्हणून आमच्या आबांनी त्याचा दुसरा उपयोगही ठरवला होता. उन्हाळ्यात चारा पुरत नाही. त्यामुळं भाकड मेंढ्या आधीच विकून टाकायच्या असायच्या. ग्रहणाच्या निमित्तानं आत्यानं सगळा कळप चाचपून द्यायचा, मी पट्टे ओढायचे, आणि पुढच्या पंधरवड्यात केजचा व्यापारी आला की ज्यांच्या पोटावर पट्टा नाही त्या त्याच्या हवाली करायच्या, असा बेत होता.

त्या दिवशी सकाळीच भाकरी झाल्या. शिजवलेलं काही शिल्लक राहायला नको म्हणून आत्यानं सगळ्यांना दोनदा वाढलं. करडईची भाजी, लसणाची चटणी आणि ताज्या भाकरी. उरलेलं कुत्र्यांना घातलं. पाण्याच्या रांजणात तुळशीची पानं टाकली. मेंढरं चरायला सोडलीच नव्हती. वाडग्यात मधोमध आम्ही वाघूर लावली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, खुंट्यांना बांधलेली. आत्या एकेक मेंढी गुडघ्यांत धरून चाचपायची. "हाय" म्हणाली की मी ती जाळीच्या डाव्या अंगाला सोडायचो, "न्हाई" म्हणाली की उजव्या. दुपार कलली तोवर सगळा कळप झाला. ती उठली, कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "भिवा, ह्या अंगाच्या समद्या गाभण हायत. एकेकीला पट्टा ओढ. समद्या झाल्याबिगर वाघूर काढू नगं. मी जाते आता तिच्यापाशी."

"व्हय आत्या."

"आन वर बगू नगं."

"न्हाई बगत."

ती आत गेली. दाराला आतून अडसर पडल्याचा आवाज आला. आबा देवासमोर भंडारा घेऊन बसले होते, आण्णा गावात गेला होता. मी गेरूचं भगुलं घेतलं आणि कामाला लागलो. मेंढी पकडायची, मांडीखाली दाबायची, चिंधीचा बोळा गेरूत बुडवून पोटावर ओढायचा. अर्ध्याही झाल्या नसतील, तेवढ्यात कुंपणापलीकडून शीळ आली. मग काट्यांवरून रशीदचं डोकं वर आलं.

"अबे भिवा! लागलं!"

"काय लागलं?"

"चावा! खालच्या अंगाला चावा पडलाय सूरजला! चल बे, चल, चल!"

त्याच्या हातात काळी काच होती. मी एकदा मेंढ्यांकडं बघितलं, एकदा त्या काचेकडं. आल्यावर करू, असं मी मनाशी म्हटलं का? खरं सांगतो, काहीच म्हटलं नाही. भगुलं खाली ठेवलं आणि कुंपणावरून उडी मारली. बाभळीचा काटा टाचेत मोडला, तोही मला संध्याकाळी कळला.

आम्ही वरच्या माळावर पळत सुटलो. असे पळालो की बोलता येईना. वाटेत ज्वारीची ताटं कापणीला आली होती, पण रानात माणूस नव्हतं. हमरस्त्यावर एक ट्रक नव्हता. एवढा मोठा मुलूख भर दुपारी असा मोकळा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला, आणि तो सगळा आम्हा दोघांचाच आहे असं वाटलं. माळाच्या टोकाला एक सपाट खडक होता. त्यावर उभं राहून रशीदनं काच डोळ्यांवर धरली आणि तोंडातून एक शिवी काढली, जशी माणूस देवाचं नाव घेतो तशी.

"दे की! दे इकडं!"

"थांब ना बे."

"दे म्हणतो!"

मी काच हिसकावली. आधी नुसता अंधार. मग त्या अंधारात एक हिरवट गोळा दिसला, स्वच्छ, कडा कापून काढल्यासारख्या. आणि खालच्या बाजूनं त्याचा तुकडा गायब. ढगाआड जातो तसा नाही. कुणीतरी दातांनी तोडावा तसा. आयुष्यभर मी ज्याच्याकडं नजर वर करू शकलो नव्हतो, तो सूर्य माझ्या हातातल्या काचेत गपगुमान बसला होता. मी त्याला न्याहाळू शकत होतो. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण रशीद माझ्या पाठीत गुद्दे मारत होता आणि मीही त्याला मारत होतो.

मग आमच्या पाळ्या ठरल्या. आपल्या पाळीत ज्याला जे दिसेल ते त्यानं मोठ्यानं सांगायचं. "अर्धा ऱ्हायला!" "अर्ध्याच्या खाली गेला!" "भाकरीचा तुकडा झाला!" "आता कोर!" ऊन होतं, पण उन्हाचा रंग बदलला. संध्याकाळी ऊन तांबूस होतं, हे तसं नव्हतं. जस्ताच्या घमेल्यावरून परतून यावं तसं राखाडी, थंड ऊन. आमच्या सावल्या चाकूनं कापल्यासारख्या टोकदार झाल्या. डोक्यावरच्या केसांचीही सावली खडकावर सुटी सुटी दिसत होती. वारा पडला. एकाएकी गारठा आला आणि दोघांच्याही अंगावर काटा उभा राहिला. खालच्या लिंबाकडं पोपटांचा थवा ओरडत परत निघाला. कावळे गोंधळून एकदा झाडावर बसत, एकदा उठत. गावातून, फार लांबून, दान मागत फिरणाऱ्यांची हाळी येत होती, "दे दान, सुटे गिराण!" आणि मशिदीकडून काहीच आवाज नव्हता, म्हणजे चाचा अजून सजद्यात असणार.

"भिवा," रशीद एकदम हळू आवाजात म्हणाला, "सुटंल ना रे ह्ये?"

"सुटंल की. मास्तर म्हणलेत."

"मास्तरांनी कुटं बगितलंय?"

मी काच घेतली. वरच्या कडेला नुसती कोर उरली होती, सणासुदीला घासूनपुसून ठेवलेल्या विळ्यासारखी. भीती मलाही वाटत होती. पण त्या भीतीत इतकी मजा होती की ती संपू नये असं वाटत होतं. पुढं आयुष्यात लग्न झालं, पोरं झाली, स्वतःचं दुकान झालं, आनंदाचे प्रसंग काही कमी आले नाहीत. पण सगळं अंग एकाच गोष्टीत जाऊन उभं राहिलंय, असं पुन्हा झालं नाही. कोर जरा जाड झाली, तशी रशीदनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "सुटलं! सुटलं बे!" आणि आम्ही त्या खडकावर नाचलो. अक्षरशः नाचलो. त्याच दिवशी मी ठरवलं, आपण मेंढरं राखायची नाहीत. त्या काचेपाशी राहायचं. पुढं चाळीस वर्षं मी वेल्डिंग केलं ते त्या दुपारीपायी.

माळ उतरून आलो तेव्हा ऊन परत मूळचं झालं होतं. कुंपणावरून आत बघितलं आणि पाय जागीच थांबले. अंधारून आल्यावर मेंढरांना रात्र झाल्यासारखं वाटलं असणार. रात्री ती एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसतात. दोन्हीकडची मेंढरं जाळीवर रेटली होती, खुंट्या उपटल्या होत्या, आणि अख्खा कळप एका कोपऱ्यात एक होऊन रवंथ करत बसला होता. थोड्यांच्या पोटावर गेरू, बाकी सगळ्या सारख्याच पांढऱ्या-काळ्या. दार अजून बंद होतं. त्या वेळी दार वाजवून "आत्या, घोटाळा झाला, परत एकदा चाचप" एवढं म्हणालो असतो, तर ती दोन धपाटे घालून परत खाली बसली असती आणि दिवस मावळायच्या आत सगळं नीट झालं असतं. मी खुंट्या परत ठोकल्या, भगुलं उचललं, आणि ज्या मेंढीचं पोट जरा फुगीर वाटलं तिला पट्टा ओढत गेलो. सकाळभर त्यांनी कोरडा कडबा खाल्ला होता. पोटं सगळ्यांचीच फुगलेली होती.

ग्रहण सुटलं. सगळ्यांनी गार पाण्यानं आंघोळी केल्या, रांजण पालथे करून नवीन पाणी भरलं. आत्यानं माडगं केलं. तिच्या तोंडावर कसलातरी थकवा होता. मला वाटलं, दिवसभर वाकून मेंढ्या चाचपल्याचा असेल. मी माडगं पीत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं ती कोर होती. कुणालातरी सांगावं म्हणून जीव तडफडत होता, पण सांगितलं तर पट्ट्यांचं विचारतील, म्हणून गप्प.

पंधरवड्यानं व्यापारी आला. आबा बिनपट्ट्याच्या मेंढ्या एकेक करून बाहेर काढू लागले. त्यात आत्याच्या सासरच्या वाणाची एक लांब कानांची मेंढी होती. आत्या पुढं आली.

"दादा, थांब. हिला पट्टा कसा न्हाई? ही गाभण हाय की." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भिवा, ही मी डाव्या अंगाला घातली व्हती ना रं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "न्हाई आत्या. तूच न्हाई म्हणलीस. उजव्या अंगाला व्हती."

त्या मेंढीला तिनं पुन्हा हात लावला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. "आसंल मंग," म्हणाली आणि आत गेली. घोटाळा घाईनं झाला होता. हे मात्र मी सगळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत बोललो.

उन्हाळ्यातल्या लग्नसराईत केजकडच्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगत बसली होती. समोरच्या ओळीतून गेवराईकडचा एक मेंढपाळ आबांना मोठ्यानं म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या भाकड मेंढ्या लई गुणाच्या हो! व्यापाऱ्याकडनं घेतल्या, तर एकामागं एक व्याल्या की! लांब कानाचीला तर जुळी झाली. आजून हायत का आसल्या भाकड? समद्या घेतो!" पंगतभर हसू उठलं. कुणीतरी म्हणालं, "धनगराला मेंढी वळखंना, आता काय कोंबड्या पाळायच्या का?" आबांनी पुढचा घास घेतला नाही. घरी आल्यावर जोडे काढायच्या आधी ते आत्यासमोर उभे राहिले. "सोने, तुजा हात गेला," एवढंच म्हणाले. मला वाटलं, ती भांडेल. एवढ्या वर्षांत न चुकलेली बाई, भांडायला हवी होती. ती आपल्या उजव्या तळव्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय दादा. गेला."

त्यानंतर तिनं कधी मेंढी चाचपली नाही. शेजारच्या वस्तीवरून बोलावणं आलं तर म्हणायची, "माजा हात ऱ्हायला न्हाई आता." आबा तिला विचारायचे थांबले, मग आण्णा थांबला. घरातली एक कष्टाची बाई एवढंच तिचं उरलं. मी का बोललो नाही? मी स्वतःला सांगायचो की आबा सगळं रशीदवर ढकलतील, त्याची दोस्ती तुटेल, चाचांचं दुकान बंद होईल. यात थोडं खरं होतं. बाकी सगळं असं, की मला गॅरेजात जायचं होतं आणि कुठलंही भांडण मध्ये नको होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी वस्तीवर गेलो होतो. आण्णा आता काठी घेऊन चालतो, वहिनीला कमी दिसतं. त्या ग्रहणाच्या वेळी पोटात असलेला त्यांचा मुलगा, गोरख, मेंढरं आणि शेती बघतो. आत्या नव्वदीकडं झुकली आहे, पण तिचे कान शाबूत आहेत. गोरखनं वाजवून वाजवून आणलेलं कलिंगड कापलं. आतून पांढरंफटक. पोरं ओरडली, "सोनाआत्याचा हात!" गोरखही हसला. आणि आत्या, बोळक्या तोंडानं त्या सगळ्यांत मिसळून हसली आणि उजवा तळवा वर करून पोरांना दाखवत म्हणाली, "ह्योच बगा त्यो हात!"

मी कलिंगडाची फोड खाली ठेवली. "आत्या, तुजा हात चुकला नव्हता," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. शीळ, काच, उपटलेल्या खुंट्या, लांब कानांची मेंढी.

आण्णा म्हणाला, "जाऊ दे रं आता. किती वर्सं झाली त्याला."

"तुजं जाऊ दे आसंल," आत्या म्हणाली. "हात माजा हाय." तिचा आवाज कापत होता, रागानं. "भिव्या, पुन्यांदा सांग. मोठ्यानं. ह्या गोरखला, ह्या पोरांना, समद्यांना ऐकू जाऊ दे."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. ती ऐकत होती, पण कुठंतरी दुसरीकडं बघत. मग म्हणाली, "मंग त्या कोरी काय व्हत्या?"

"कंच्या कोरी?"

"आगं बाई, त्या कोरी!" वहिनी एकदम बोलली. "मीच वराडले व्हते त्या बगून."

दोघींनी मिळून सांगितलं. दार लावलेलं, खिडकीत गोधडी कोंबलेली. पण पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, आणि त्यातून एरवी गोल कवडसे पडायचे. त्या दुपारी ते गोल वाकडे होत गेले, आणि भुईवर, भिंतीवर, सगळीकडं बारीक बारीक विळे पडले. त्यातला एक सरकत सरकत वहिनीच्या पोटाकडं आला. "ही थरथरायली," आत्या म्हणाली. "हिला हलायचं न्हाई, म्हणून मी हात आडवा धरला. हिच्या पोटावर पडायच्या आदी माज्या हातावर पडला. गिराण सुटूस्तवर तसाच धरून बसले. म्हणलं, खायचं तर माजा हात खाऊ दे. मंग दादा म्हणला, हात गेला. चाचपलं व्हतं गिराणाच्या आदी, पर त्ये मोजायचं सुचलंच न्हाई. मला वाटलं, आपल्याला म्हाईतच हाय कावून गेला ते."

गोरख मान खाली घालून बसला होता. मी आत्याजवळ सरकलो.

"आत्या, भोक बारीक आसलं की उन्हातनं सूर्व्याचं चित्रच खाली पडतं. आमी माळावर काचंतनं बगितलं तेच व्हतं ते. गिराणच. तुज्या हातावर सूर्व्यच बसला व्हता. त्येनं काय व्हत न्हाई."

तिनं तळवा डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, परत सुलटा केला.

"काय व्हत न्हाई?"

"काय न्हाई."

"मंग त्या दिशीच येऊन सांगायचं व्हतंस की रं," ती म्हणाली. "घाबरून डोळे गच्च मिटून बसले व्हते मी. नीट बगितलं आसतं."